मुक्काम सिहोरा : जंगलातली खोली कोणाची?

हा लेख सिहोऱ्याच्या एका लॉजमधून लिहितोय. सिहोरा म्हणजे जबलपूरहून कटनीकडे निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर लागणारं तहसीलचं गाव. स्टेशनचं नाव सिहोरा रोड. हायवेवर रात्रभर ट्रक चालू असतात, खाली चहाची टपरी आहे, खोलीत पंखा आहे आणि तो आवाज करतो. आज इथे मुक्काम करायचा विचारच नव्हता. आज रात्री मी, सौ. आणि लेक जंगलातल्या एका जुन्या रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बसून मोहाच्या फुलांचा वास घेत असणार होतो. पावती खिशात आहे. खोली मात्र दुसऱ्याला गेली.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, सिग्नल्समधून पेन्शन आल्यावर मी डीएससीत गेलो आणि फिरून पोस्टिंग जबलपूरच मिळालं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी याच शहरात रिक्रूट म्हणून केस कापून घेतले होते. आता पुन्हा तीच थंडी, तीच नर्मदा, तोच खोव्याच्या जिलबीचा नाश्ता. सौ. यंदा पहिल्यांदाच इथे राहायला आली. मार्च संपत आला की इथलं जंगल कसं दिसतं हे मी तिला लग्नापासून सांगत आलोय, म्हणून लेकीने पुण्याहून खटपट करून दोन रात्रींचं बुकिंग केलं. अर्ज, ओळखपत्राची प्रत, पैसे, सगळं रीतसर. त्या रेस्ट हाउसमध्ये मी 1998 साली एक रात्र काढली होती. त्या रात्रीबद्दल पुढे सांगतो, कारण खरं तर तेच सांगायला बसलोय.

कोणतं रेस्ट हाउस, कोणता विभाग, हे लिहीत नाही. एका कचेरीशी भांडायचं नाही. हा प्रकार सगळीकडचा आहे.

ज्यांनी अशी घरं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं. मध्य प्रदेश आणि आपल्या विदर्भाच्या जंगलात इंग्रजांच्या काळापासून वनखात्याची विश्रामगृहं आहेत. साहेब घोड्यावरून दौऱ्यावर निघायचा, एका दिवसात जेवढी मजल होईल तेवढ्यावर रात्रीची सोय हवी, म्हणून ती बांधली. दोन खोल्या, हातभर जाड भिंती, वर कवेलू, कुठे गवताचं छप्पर, पुढे रुंद व्हरांडा. स्वयंपाकघर मागे वेगळं, आग लागली तर घर वाचावं म्हणून. एक विहीर, एक चौकीदार, एक रजिस्टर. कान्हाच्या बालाघाट बाजूला सुपखारचं रेस्ट हाउस गवताच्या छपराचं म्हणून लोक अजून नाव काढतात. मेळघाटात कोलकासचं घर सिपना नदीच्या वर टेकाडावर आहे, सकाळी दार उघडलं की खाली नदीचं वळण. वीज असेल नसेल, मोबाइलला रेंज तर नसतेच, आणि पाणी तापवायला चूल. सिग्नल्सच्या माणसाला रेंज नसलेली जागा आवडते म्हटल्यावर लोक हसतात, पण आवडते.

या घरांचं आणि फौजेचं नातं जुनं आहे. जेम्स फोरसिथ हा मूळचा फौजी. 1862 मध्ये त्याने पचमढीत स्वतःला राहायला घर बांधलं, बायसन लॉज. आज तिथे संग्रहालय आहे. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक 1871 मध्ये आलं, त्याच वर्षी तो वारला. सिहोऱ्याहून कटनीच्या रस्त्याला स्लीमनाबाद लागतं. ते ज्याच्या नावावरून पडलं तो ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमनही फौजेतलाच. हा आत्ता माझ्या खिडकीखाली धडधडणारा रस्ता म्हणजे मिर्झापूरहून जबलपूरकडे दक्षिणेत उतरणारी जुनी सडक. अशा सडकांवर मजलेमजलेवर डाक बंगले होते, आणि त्यांचा एक नियम मला फार आवडतो. जो प्रवासी चोवीस तास राहून झाला, त्याने नव्याने आलेल्याला जागा करून द्यायची. अर्थात राहणारे बहुतेक गोरेच. पण नियम प्रवाशाच्या बाजूचा होता.

त्याही मागे जायचं तर इथून बहोरीबंदच्या बाजूला रूपनाथ आहे. तीन कुंडं आहेत, राम, लक्ष्मण आणि सीतेच्या नावाची, आणि खाली खडकावर अशोकाचा लेख. त्या लेखात रस्त्यांचा विषय नाही, पण दिल्लीच्या स्तंभावरच्या त्याच्या लेखात आहे. वाटेवर वड लावले, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा केल्या, माणसांना आणि जनावरांना उपयोग व्हावा म्हणून. वाटसरूला रात्रीचं छप्पर देणं ही या देशात सरकारची जुनी जबाबदारी आहे, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता आजचं. दुपारी तीनला पोचलो. चौकीदार फाटकाशी उभाच होता, चेहरा पडलेला. म्हणाला, “साब, ऊपर से खबर आई है. दोनों कमरे साहब लोगों के लिए रख लिए हैं. फैमिली आ रही है.” मी पावती दाखवली. त्याने ती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मागची ओळ दाखवली. खात्याला गरज पडल्यास आरक्षण कोणत्याही वेळी रद्द होऊ शकते. म्हणजे माझी पावती ही पावती नव्हतीच, कोणी मोठं आलं नाही तर राहा असं सांगणारा कागद होता.

लेक चिडली. फोन लावायला रेंज कुठे? सौ. म्हणाली, “अहो, त्या गरिबावर कशाला ओरडताय, त्याच्या हातात काय आहे?” मी ओरडत नव्हतो. खरं सांगायचं तर मी गप्प झालो होतो, कारण हा प्रसंग मी आधी पाहिला होता. त्याच फाटकावर. त्या वेळी मी आतल्या बाजूला होतो.

डिसेंबर 1998. मी नायक होतो. आमच्या युनिटचा आणि जवळच्या रेंज ऑफिसचा वायरलेसमुळे परिचय झालेला. जंगलखात्याचे सेट, बॅटऱ्या, अँटेना, काही बिघडलं की तिथला ऑपरेटर आमच्याकडे विचारायला यायचा, आम्हीही रविवारी जाऊन मदत करायचो. त्या बदल्यात एकदा तो म्हणाला, तुम्ही चौघं जण या, रेस्ट हाउसला सोय करतो. वायरलेसवर एक निरोप गेला आणि खोल्या आमच्या झाल्या. आम्ही पोचलो, शेकोटी पेटली, कोंबडी शिजायला लागली. संध्याकाळी फाटकाशी एक मारुती व्हॅन थांबली. नवरा-बायको, दोन मुलं, एक म्हातारी आई. मराठी बोलत होती. नागपूरकडचे कोणी शिक्षक असावेत, बोलण्यावरून तसं वाटलं. त्यांच्याकडे पावती होती.

तेव्हाचा चौकीदार, आजच्याचा बाप, त्यांना हात जोडून सांगत होता की सरकारी दौऱ्याची पार्टी आली आहे. तो गृहस्थ एकदा आमच्याकडे बघून गेला. आम्ही स्वेटर आणि ट्रॅक पँटमध्ये शेकोटीभोवती बसलेलो, दौऱ्यावरचे दिसत नव्हतोच. तो काही बोलला नाही. म्हातारी मात्र मराठीत म्हणाली, “चला रे, अंधार पडायच्या आत निघू.” मी मराठी माणूस, चार पावलांवर बसलेलो. उठलो नाही. उठून म्हणता आलं असतं की एक खोली तुम्ही घ्या, आम्ही चौघं एकीत झोपतो. फौजीला जमिनीवर झोपायचं काय अवघड? व्हॅन वळली, लाल दिवे झाडांत दिसेनासे झाले, आणि आम्ही पत्ते काढले.

आज गाडी परत फिरायला तासभर होता. ड्रायव्हर पंक्चर काढायला गेला होता. मी चौकीदाराला त्याच्या वडिलांबद्दल विचारलं. ते गेले, सहा वर्षं झाली. त्याला आम्ही कक्का म्हणायचो असं सांगितल्यावर तो मोकळा झाला. चहा केला. मग सहज विचारलं, जुनी रजिस्टरं आहेत का? एका पत्र्याच्या पेटीत होती. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण 1998 सालचं सापडलं. डिसेंबरचं पान. माझं नाव, माझ्याच अक्षरात. त्याच्यापुढे ‘येण्याचे प्रयोजन’ या रकान्यात दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं : शासकीय कार्य. पैशाच्या रकान्यात रेघ.

मी तेव्हा ते वाचलं असणार. सही माझीच आहे.

त्या कुटुंबाचं नाव कुठेच नाही. ते आत आलेच नाहीत तर रजिस्टरमध्ये नाव कसं येणार? या देशातल्या रेस्ट हाउसांची रजिस्टरं चाळली तर कोण राहिलं ते कळेल. कोण परत गेलं याचा रकानाच नाही.

म्हणून हे लिहिताना मला ‘साहेब लोक’ असा शब्द वापरून मोकळं होता येत नाही. आज येणारे साहेब कोण ते मला माहीत नाही, मी त्यांना पाहिलंही नाही. बहुतेक चांगले असतील. आम्हीही चांगलीच पोरं होतो. घर सरकारी आहे, आपण सरकारी आहोत, म्हणजे घर आपलं, हा हिशोब आपल्या डोक्यात आपोआप होतो. माजी सैनिक मित्रांनो, आपल्या डोक्यात तर जास्तच होतो. टोलनाक्यापासून रेस्ट हाउसपर्यंत ‘फौजी हूँ’ म्हणायची सवय लागते. सीमेवरच्या दिवसांची ती वसुली असते. पण शिक्षकाच्या म्हाताऱ्या आईकडून ती वसूल करायची नव्हती.

बाहेरच्या देशांत काय करतात ते मी जरा वाचून काढलं. फिनलंडच्या उत्तरेकडे, जिथे माणूस क्वचित भेटतो, तिथे जंगलात लाकडी झोपड्या आहेत. कुलूप नाही, भाडं नाही. रिवाज असा की शेवटी आलेल्याचा हक्क सगळ्यात मोठा. जे आधीपासून आत आहेत, विसावा घेऊन झालेत, त्यांनी सरकून जागा करायची, गरज पडली तर निघायचं. नॉर्वेत पर्यटन संघाच्या झोपड्यांना एकाच तऱ्हेची किल्ली असते. सभासदाने ती घ्यायची, दूर डोंगरातली झोपडी उघडायची, कपाटातलं सामान वापरून स्वयंपाक करायचा आणि त्याचे पैसे स्वतः हिशोब करून भरायचे. न्यूझीलंडमध्ये सरकारी खात्याकडे अशा साडेनऊशेच्या आसपास झोपड्या आहेत आणि प्रत्येकीत एक वही. त्या वहीत तू कोण आहेस यापेक्षा इथून पुढे कोणत्या वाटेने जाणार हे लिहिणं महत्त्वाचं, म्हणजे हरवलास तर शोधायला बरं. अलास्कात वनखात्याच्या केबिन आहेत, काहींकडे होडीने नाहीतर छोट्या विमानानेच जाता येतं. आत फळ्यांचे बाक, शेगडी, बाहेर संडास. अंथरूण-पांघरूण तुमचं. ज्याने आधी बुकिंग केलं त्याची ती केबिन.

फिनलंडचा नियम वाचला तेव्हा मला नवीन वाटला नाही. काश्मीरमध्ये एका पोस्टवर असताना बर्फात लिंक पेट्रोल रात्री दोनला यायचं. आत बुखारीभोवती झोपलेली पोरं न सांगता उठायची, भिंतीकडे सरकायची आणि आलेल्यांना बुखारीजवळची जागा मिळायची. आधी चहा, मग बूट काढणं, मग नाव-गाव. कोणत्या पलटणीचा, कोणत्या हुद्द्याचा, हे सकाळी. म्हणजे नियम आपल्याला येतो. खाली उतरलो की विसरतो.

आता जंगलखात्यातले ओळखीचे लोक काय म्हणतात तेही सांगतो, कारण ते खोटं बोलत नाहीत. लोकांना खोली दिली की दारूच्या बाटल्या, डीजे, प्लास्टिक, रात्री बॅटऱ्या मारत गाडी फिरवणं. चौकीदाराने अडवलं तर त्यालाच दमदाटी. खरं आहे. मी स्वतः विश्रामगृहाच्या विहिरीत चिप्सची पाकिटं तरंगताना पाहिली आहेत. दुसरा मुद्दा वाघांचा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनावर मोठी सुनावणी झाली, काही महिने गाभा क्षेत्रात पर्यटन बंदही होतं. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांत गाभ्यातल्या कायमच्या पर्यटन सोयी टप्प्याटप्प्याने काढा असं आहे. ते मला मान्य. वाघाच्या घरात आपली खाट नको. आणि तिथे ती सामान्य माणसासाठी नको असेल तर कोणाच्याच फॅमिलीसाठी नको, एवढंच.

पण जंगल म्हणजे फक्त गाभा नाही. बफरमध्ये, साध्या वनविभागांत, नदीकाठी, घाटात अशी कितीतरी घरं आहेत. त्यांचं आज काय होतंय? काही पडताहेत. कवेलू फुटले, बजेट नाही, चौकीदार रोजंदारीवर. काही सुधारली जाताहेत, आणि ही सुधारणा मला पडण्याइतकीच वाईट वाटते. टाइल्स, एसी, जनरेटर, गवताच्या जागी रंगीत पत्रा, नाव ‘रिसॉर्ट’ आणि भाडं असं की शिक्षकाने आत बघायचं नाही. एसी लावायला खिडकी बंद करावी लागते. मग रात्री सांबराचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाने काय ऐकायचं, कॉम्प्रेसर?

साधेपणा ही या घरांची उणीव नाही. तोच त्यांचा पहारेकरी आहे. जिथे टीव्ही नाही, बर्फ नाही, गाणी लावायला प्लग नाही, तिथे पार्टीवाला दुसऱ्यांदा येत नाही. जो येतो तो स्वतःचं पांघरूण घेऊन येतो, तांदूळ-डाळ घेऊन येतो आणि कचरा परत नेतो. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहिले आणि त्यावर पुस्तक लिहिलं, चितमपल्लींनी तर नोकरीच जंगलात केली. अशा मुक्कामांवर आपल्या दोन पिढ्यांनी मराठीत जंगल वाचलं. ते लेखन एसी खोलीत झालं असतं असं मला वाटत नाही. आता वाचणाऱ्या पोराला जायचं असेल तर त्याने कुठे राहायचं? महाराष्ट्रात मेळघाटात सेमाडोह, कोलकास, शहानूर अशा ठिकाणी ऑनलाइन बुकिंग होतं, ते चांगलं पाऊल. बुकिंग ऑनलाइन झालं म्हणजे काम झालं असं मात्र नाही, मागची ती ओळ तिथेही वाचून घ्या.

मला विचाराल तर मागणी छोटी आहे. दौऱ्यावर येणाऱ्या अधिकाऱ्याला खोली लागतेच. आग लागली, शिकारी घुसले, हत्ती आले तर त्याने रात्री कुठे राहायचं? म्हणून प्रत्येक घरात एक खोली खात्याची. तिला दुसरं कोणी हात लावायचा नाही. आणि एक खोली लोकांची. तिला खात्यानेही हात लावायचा नाही. वणवा किंवा पूर सोडून पावती रद्द होणार नाही, असं त्याच कागदाच्या मागे छापा. दौरा असेल तर दौऱ्याचा आदेश क्रमांक रजिस्टरमध्ये लिहा, नुसतं ‘शासकीय कार्य’ नको. माझ्यासारख्याची सोय तिथेच अडली असती. चौकीदाराला पक्का पगार द्या आणि गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार द्या, मग तो कोणाचाही पाहुणा असो. भाडं थोडं वाढवलं तरी चालेल, पण ते पैसे त्याच घराच्या कवेलूंना लागू देत.

हे होईल का? लेक म्हणते, “बाबा, एक खोली कुलूप लावून रिकामी ठेवतील आणि लोकांच्या खोलीत साहेब.” असेलही. तिचा अनुभव दोन रात्रींचा आहे आणि तो तिच्या बाजूने बोलतोय.

निघताना चौकीदाराने पळसाच्या पानात मोहाची फुलं बांधून दिली, सकाळी वेचलेली. सौ.ने ती इथे लॉजच्या टेबलावर ठेवली आहेत, खोलीत वास भरलाय. लेकीला तो अति गोड वाटतो. चौकीदाराने मला रजिस्टरही पुढे केलं, चालू वर्षाचं. म्हणाला, “साब, आए तो हैं, दस्तखत कर दीजिए.” मी नाव लिहिलं, तारीख लिहिली, तीन माणसं लिहिली. प्रयोजनाच्या रकान्यात ‘पर्यटन, पावतीसह’. मुक्कामाच्या रकान्यात ‘नाही’. त्याने वाचलं आणि जरा घाबरून विचारलं, हे ठेवू ना? मी म्हटलं, खोटं काही नाही त्यात, राहू दे.

परताव्याचा अर्ज उद्या जबलपूरला जाऊन देणार. तिथला बाबू काय म्हणतो ते पुढच्या लेखात. डिसेंबरसाठी पुन्हा बुकिंग करायचं ठरलंय, त्याच घराचं. आणि वाचणाऱ्यांत नागपूरकडचं कोणी असेल, 1998 च्या डिसेंबरात मारुती व्हॅनने म्हाताऱ्या आईला घेऊन या बाजूच्या जंगलात आलेलं आणि फाटकावरून परत गेलेलं, तर त्यांनी मला जरूर कळवावं. खोली मी काढून ठेवीन.